पाणीखात्याचं बारसं

किस्से गोळा करायला गावोगाव फिरावं लागतं असं ज्याला वाटतं, त्यानं चहाचं हॉटेल टाकावं. तेही सरकारी ऑफिसच्या समोर. मी टाकलंय. तिथं किस्से स्वतःच्या पायानं येतात, बाकड्यावर बसतात, कट चहा मागतात आणि जाताना निम्मे माझ्याकडंच विसरून जातात. इतकी वर्षं मी ते ठेवून घेतले. आता घरात पाणी ठेवायला जागा पाहिजे, म्हणून किस्से बाहेर काढायलेय.

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं एक गाव समजा. रस्त्याच्या अलीकडं माझं हॉटेल, हॉटेलच्या मागं बुद्धविहार आणि आमची वस्ती. रस्त्याच्या पलीकडं ऑफिस. ऑफिस पाण्याचं. तालुक्यातले सगळे हापसे दुरुस्त करायचं काम त्यांचं. खात्याचं नाव तेव्हा 'ग्रामीण पाणी विभाग' होतं, मग ते बदललं. त्याचीच ही सगळी कहाणी. आम्ही मात्र पहिल्यापासून 'पाणीखातं' म्हणत आलोय, आणि तेवढं म्हणायला आम्हाला कधी बोर्ड लागला नाही.

माझं नाव पंचफुला. ऑफिसातले मावशी म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण चहा इथलाच पितात.

*

मी शाळेत गेले ती फक्त मतदानाला. अक्षरं मला समोरच्या बोर्डावर भेटली.

गिऱ्हाईक नसलं की मी त्या बोर्डाकडं बघत बसायची. ऑफिसात जोशीबाबू म्हणून क्लार्क आहेत. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, हे त्यांचं टेबल. त्यांना मी एकदा विचारलं, "बाबू, त्या मधल्या शब्दातलं पहिलं अक्षर कोणतं हाय?"

"प. पाण्यातला प."

"मंग पंचफुलातला प कोणता?"

"तोही हाच."

म्हणजे माझ्या नावाची सुरुवात सरकारनं आधीच रंगवून ठेवली होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! त्या दिवसापासून सौदा ठरला. बाबूंना अर्धा कप जास्त, मला एक अक्षर. बोर्ड संपला, मग भजी बांधायचे पेपर वाचायला लागले. आता तर मी पेपर आधी वाचते आणि भजी मागून बांधते. गिऱ्हाईक ओरडतं, ओरडू दे.

मग खात्याचं नाव बदललं. नवा बोर्ड आला, 'जलसमृद्धी व क्षमतावृद्धी विभाग'. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं शिकून मी परत अडाणी झाले होते.

"बाबू, हे काय गाठोडं हाय?"

"हा द्ध. दोनदा आलाय. आणि तो क्ष."

दोन्ही गाठोडी मी सोडवली. त्यामुळं नाव बदलण्यात सरकारचा सगळा पैसा पाण्यात गेला असं कुणी म्हणलं की मला पटत नाही. सगळा नाही गेला. एक बाई जोडाक्षरं शिकली. फक्त एका बाईला क्ष शिकवायला सगळ्या राज्याचे बोर्ड बदलायचे म्हणजे शिकवणी जरा महाग पडली.

*

नाव बदललं त्याच सुमाराला, होळीच्या पुढं, आमच्या वस्तीचा हापसा बंद पडला. आत चेन तुटली. दांडा खालीवर व्हायचा, पाणी येत नव्हतं.

त्या हापशावर सगळी वस्ती जगत होती. माझं हॉटेलही त्यावरच, म्हणजे समोरचं ऑफिसही त्यावरच. आता पाणी आणायचं तर माळावरची विहीर. आणणार कोण? माझी सून सुमन. लेक पुण्याला कंपनीत आहे, सून आणि नात माझ्याजवळ. हॉटेलची भजी सुमनच्या हातची, आणि खरं सांगायचं तर हॉटेल भज्यांवर चालतं, माझ्या चहावर नाही. ती पहाटे विहिरीवर, दुपारी विहिरीवर, आणि मधल्या वेळात कढईपुढं.

काही दिवस असेच गेले. मग एकदा घागर उतरवून म्हणाली, "आत्या, चुडाव्याला माझ्या माहेरी नळ हाय."

एवढंच. मला कळायचं ते कळलं.

मी अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, एकही खाडाखोड नाही. जोशीबाबूंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडं सरकवला.

"मावशी, हा घेता येत नाही."

"काहून?"

"तुम्ही ग्रामीण पाणी विभाग लिहिलंय. ते खातं आता नाही."

"मंग नवं नाव टाकते. द्ध बी येतो मला."

"नव्या नावाचा शिक्का अजून आला नाही. जुने शिक्के गोणीत भरून परभणीला जमा केले. शिक्क्याबिगर अर्ज घेतला तर माझ्यावर येईल."

"म्हणजे सध्याला तुमचं खातं हाय का न्हाई?"

बाबू प्रामाणिक माणूस. त्यांनी खरंच विचार केला. "आहे. पण नाव लागू व्हायचंय."

"बाबू, बारसं व्हायच्या आधी लेकराला दूध पाजत न्हाईत का?"

 बाबूंनी अर्ज घेतला आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं एक गोल काढला. म्हणाले, "ही शिक्क्याची जागा धरून ठेवली, मावशी."

*

हापसे दुरुस्त करतो तो करीमभाई. काम येतं त्याला, पण कामाआधी चहा लागतो आणि चहाआधी गप्पा.

मी म्हणलं, "करीमभाई, अर्ज दिलाय. माझा हापसा कवा?"

"मौसी, मैं तो खाली बैठा हूँ. गाडी किधर है?"

गाडी म्हणजे ऑफिसची जीप. हापशाचे पाईप वर ओढायला लोखंडाची मोठी तिपाई लागते, ती त्या जीपमध्ये असते. तिपाई नाही तर पाईप निघत नाही, पाईप निघाला नाही तर चेन बसत नाही.

"कुठं गेली गाडी?"

"सेलूकू. पेंटरके पास. दुल्हन बननेकू गई."

दोन्ही दारांवर नवं नाव आणि पुढं पाण्याचा थेंब काढायचा होता. जिल्ह्यातल्या सगळ्या पाणीखात्याच्या गाड्या त्या एकाच पेंटरच्या दारात लायनीत उभ्या होत्या म्हणे. लग्नसराईत पार्लरपुढं बाया बसतात तशा.

"मंग तिपाई तरी उतरून घ्यायची होती."

"तिपाईपे भी नाव लिखना है, मौसी. ऊपरसे ऑर्डर है."

मला राग आला. म्हणलं, "गाडीवर नाव, तिपाईवर नाव. तुझ्यावर न्हाई का लिहिणार?"

करीमभाईनं पिशवीतून टोपी काढली आणि डोक्यावर घातली. लिहिलं होतं.

*

मग एक दिवस वस्तीत टेम्पो आला. दोन माणसं उतरली आणि सरळ हापशाकडं गेली.

सुमन चूल टाकून पळाली. तिच्या मागं सगळ्या बाया. बघता बघता घागरींची लाईन लागली. कुणी नंबरावरून भांडायलाही सुरुवात केली. किती दिवसांनी आमच्या हापशावर भांडण झालं, मला तर बरंच वाटलं.

माणसांनी टेम्पोतून डबे काढले. डब्यात रंग होता.

हिरवा हापसा त्यांनी वांग्याच्या रंगाचा केला. वर पांढरा थेंब काढला. थेंबाला डोळे काढले, हसरं तोंड काढलं.

सुमन म्हणाली, "दादा, चेन कवा बसवणार?"

"चेनीचं आमच्याकडं नाही, ताई. आम्ही फक्त रंगाचे."

"मंग बंद हापसा कशाला रंगवायलाव?"

"आम्हाला बंद-चालू सांगितलं नाही. हापसे सांगितले."

डबे आवरून टेम्पोत चढताना त्यातला एक वळून म्हणाला, "ताई, रंग वाळेपर्यंत कुणी हात लावू नका बरं का."

सुमननं रिकामी घागर कमरेवर घेतली. "दादा, होळीपासून कुणी हात लावला न्हाई. आमच्यापरीस शिस्तीची वस्ती तुमाला घावायची न्हाई."

बाया हसल्या. सुमन हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली, झटकली आणि उन्हात ठेवली. बॅग उन्हात का ठेवली हे मी विचारलं नाही. हापसा थेंबाच्या तोंडानं हसत होता आणि माझी सून बॅग वाळवत होती.

*

ऑफिसला नवे कप आले. वांग्याच्या रंगाचे, वर तोच हसरा थेंब. कपाबरोबर वरून हुकूम आला, की स्टाफनं या कपात चहा पितानाचा फोटो पाठवावा.

ऑफिसात चहा होत नाही. म्हणून सगळे कप घेऊन माझ्याकडं आले. ऑफिसचे मुख्य तांबेसाहेब सोडून. ते रस्ता ओलांडत नाहीत, त्यांचा चहा आत जातो.

"मावशी, यातच ओता. थेंब इकडं पाहिजे. फोटोत यायला पाहिजे."

मी ओतला. त्यांनी कप वर धरले, थेंब पुढं केले, दात काढले. तेवढ्यात सुमन माळावरून आली, डोक्यावर दोन घागरी. फोटोत ती येत होती म्हणून एकजण म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला व्हा."

मग मी बोलले. "कप तुमचा. चहा माझा. पाणी माझ्या सुनंचं. यात खात्याचं काय हाय तेवढं सांगा."

 करीमभाईच म्हणाला, "फोटो."

*

एकदा दुपारी जोशीबाबू एकटेच बसले होते. मी म्हणलं, "बाबू, खरं सांगा. एक नाव बदलायला किती लागतं?"

"मावशी, आकडा वर असतो. खाली फक्त बिलं येतात."

"बरं, मला रुपयांत नकोच. हापशांत सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे बोर्ड, शिक्के, गाड्या, टोप्या, कप, तो रंग. एवढ्यात किती हापसे चालू झाले असते?"

बाबू हिशोबाला पक्के. बोटांवर मोजायला लागले. पहिला हात झाला. दुसरा हात झाला. परत पहिल्या हातावर आले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाले, "मावशी, चहात आज साखर कमी आहे."

साखर रोजच्याएवढीच होती.

*

नवा बोर्ड लागला तेव्हा जुना उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता. जाड पत्र्याचा, लांबरुंद. त्याच्या सावलीत कुत्रं झोपायचं. ज्या बोर्डानं मला वाचायला शिकवलं, त्याचे हाल मला बघवेनात.

मी बाबूंना म्हणलं, "मला द्या."

"सरकारी वस्तू देता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदवहीतून ती कमी व्हावी लागते."

"ते कवा होतं?"

"होत नाही सहसा."

"मंग कुत्र्याला कसा दिला?"

बाबूंनी तांबेसाहेबांना विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, पडू द्या कुठंही. आता कुठंही म्हणजे माझ्या हॉटेलातही. मी बोर्ड चार दगडी खांडांवर आडवा टाकला, आणि त्याचं टेबल झालं. तालुक्यात कुणाच्या हॉटेलला नसेल असं. ऑफिसातले आपल्याच खात्यावर कोपर टेकून चहा प्यायला लागले.

पण टेबल चांगलं झालं की माणूस उठत नाही. चहा एक, बसणं तीन वाजेपर्यंत. उन्हात रस्त्यापलीकडं लोक अर्ज धरून उभे, आणि अर्ज घेणारे माझ्याकडं. वर गिऱ्हाइकाला जागा नाही. मी तोंडानं सांगून थकले. मग ते रंगवाले एक डबा अर्धा टाकून गेले होते, तो आणला. बोर्डावर खात्याच्या नावाखाली हातभर जागा मोकळी होती. तिथं ब्रशानं, ठळक लिहिलं:

'चहा झाला की उठावे.'

वांग्याच्या रंगात. माझ्या जन्मातलं पहिलं असं लिहिणं, जे चार लोकांनी वाचायचं.

जोशीबाबूंनी वाचलं, आणि कपाळाला हात लावला. "मावशी, सरकारी बोर्डावर लिहिणं गुन्हा आहे."

"आन सरकारी बोर्डावर डोकं ठेवून झोपणं?"

बाबू उठले. लिहिलेलं पहिल्यांदा लागू झालं ते त्यांनाच.

*

आता शेवटचा.

उन्हाळा सरत आला होता. हापसा तसाच हसत होता. सुमनची बॅग आता भरलेली होती आणि दाराजवळ उभी होती. तिनं सांगितलं, "आत्या, गुरुवारच्या एसटीनं जायलेय. हापसा चालू झाला की फोन करा." मी तिला थांब म्हणलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? माळावरची विहीरही तळाला गेली होती, आणि तिच्या कमरेला मी रोज रात्री तेल लावत होते.

सोमवारी जोशीबाबू आले. बसले नाहीत.

"मावशी, नाव परत बदललं."

"आता काय?"

"जुनंच. वर माणसं बदलली. त्यांनी पहिलं नाव परत आणलं. ग्रामीण पाणी विभाग."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणलं, चला, एकही नवं जोडाक्षर नाही.

"मोठे साहेब गुरुवारी दौऱ्यावर यायलेत," बाबू म्हणाले. "पडदा ओढून बोर्डाचं उद्घाटन करणार. आणि पेंटर म्हणतो, सगळ्या जिल्ह्याचे बोर्ड आलेत, महिना लागंल." हे म्हणताना ते माझ्या टेबलाकडं बघत होते.

मंगळवारी तांबेसाहेब आले. रस्ता ओलांडून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, हा बोर्ड सरकारी मालमत्ता आहे."

"हाय की. म्हणूनच रोज पुसते."

"तो परत द्यावा लागेल."

"देते. हापसा चालू झाला की देते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हे ब्लॅकमेल झालं."

"तो शब्द अजून कोणत्या बोर्डावर आला न्हाई, साहेब. आला की शिकते."

साहेबांनी सूर खाली आणला. गाडी सेलूहून आलीये, पण तिच्यावर मधलं नाव आहे. मधल्या नावाची गाडी रस्त्यावर काढायची नाही असा वरून मेसेज आहे. मी म्हणलं, नाव झाका आणि आणा. मग म्हणाले, चेन द्यायला सहीशिक्का लागतो.

"म्हणजे चेन हाय?"

साहेबांनी मागं उभ्या जोशीबाबूंकडं बघितलं.

"स्टोअरमध्ये आहे," बाबू हळूच म्हणाले. "पहिल्यापासून आहे."

सुमन कढईपुढं होती. तिनं झारा खाली ठेवला आणि साहेबांकडं बघितलं. नुसतं बघितलं. साहेब परत रस्ता ओलांडून गेले.

बुधवारी त्यांनी सगळीकडं फोन लावून बघितले. परभणी, पालम, कुठंच एका दिवसात बोर्ड करून देणारा पेंटर नव्हता. कुणी म्हणलं फ्लेक्स लावा. वरून सांगितलं, फ्लेक्स नको, कायमचा पाहिजे.

गुरुवारी सकाळी जीप वस्तीत आली. दोन्ही दारांवर माझ्याच हॉटेलातली साखरेची पोती बांधलेली, नाव दिसू नये म्हणून. करीमभाईनं त्या दिवशी आधी चहा मागितला नाही. तिपाई उभी केली, पोरं लावली आणि पाईप ओढायला लागला.

पलीकडं ऑफिसच्या अंगणात मांडव पडला होता, खुर्च्या लागल्या होत्या, भिंतीवर पडदा तयार होता आणि पडद्यामागं काहीच नव्हतं. चहाची ऑर्डर माझ्याकडं होती. मी पातेलं मांडून बसले, पण पातेल्यात पाणी नव्हतं. माळावरून आणू का, असं सुमननं विचारलं नाही, आणि मीही तिला म्हणलं नाही. ती रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभी होती. एका हातात बॅग, एका हातात माझी नात.

जोशीबाबू रस्त्याच्या मधोमध. एक डोळा हापशावर, एक डोळा फोनवर.

"मावशी, साहेबांची गाडी फाट्यावर आली. आता तरी द्या."

"करीमभाईला विचारा."

करीमभाईनं चेन बसवली. पाईप खाली सोडले. दांडा धरला. वर, खाली. हवा आली. वर, खाली. नुसता घरघर आवाज.

"पुलावर आली, मावशी."

"येऊ दे."

वर, खाली. लाल पाणी आलं, गंजाचं.  करीमभाई थांबला नाही. लाल पाणी पिवळं झालं, पिवळं पांढरं झालं, आणि मग जाड, गार, स्वच्छ धार दगडावर पडली.

एसटी आली. कंडक्टरनं दारातून ओरडून विचारलं, "ताई, येताव का?" सुमननं मागं न बघता हातानंच जा म्हणलं. बॅग तिथंच रस्त्यात ठेवली आणि घागर लावली. पहिली घागर तिनं वस्तीला नाही नेली. माझ्या पातेल्यात ओतली.

मी टेबलावरचे ग्लास उचलले, बोर्डावरून ओला फडका फिरवला आणि म्हणलं, "न्या."

दोन शिपाई बोर्ड उचलून पळाले. मांडवात शिरले, पडद्यामागं खिळ्याला अडकवला, पडदा सारखा केला आणि बाजूला झाले तोवर साहेबांची गाडी गेटात वळली होती.

मोठे साहेब उतरले. हार झाले, नारळ झाला. चहा दिला गेला. नव्या पाण्याचा, आलं घालून, मी स्वतः वाटला. सगळा स्टाफ कागदी कप घेऊन खुर्च्यांवर बसला, साहेब आपला कप धरून भिंतीपाशी उभे राहिले आणि मोकळ्या हातानं दोरी ओढली.

पडदा खाली आला.

हे साहेब सगळं मोठ्यानं वाचणारे निघाले. सावकाश, भाषणाच्या आवाजात त्यांनी वाचलं, "ग्रामीण पाणी विभाग. तालुका कार्यालय." मग जरा वाकले, चष्मा सारखा केला आणि त्याच आवाजात पुढचं वाचलं, "चहा झाला की उठावे."

मांडवात कुणी हललं नाही.

मग जोशीबाबूंनी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला आणि उभे राहिले. त्यांच्या शेजारचा उभा राहिला. मग पुढची लाईन, मग मागची. शेवटी तांबेसाहेबही उठले. अख्खं खातं हात बांधून उभं.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. बोर्डाकडं बघितलं. मग स्वतःच्या हातातल्या कपात बघितलं. तो अजून भरलेला होता.

ते खुर्ची ओढून खाली बसले.